काळी वर, राखाडी खाली : आयोवाची वेबस्टर माती

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये राहणाऱ्या मुलांनी आपल्या बेसमेंटमधला एक कोपरा नक्की पाहिला असेल. तिथे फरशीत एक गोल खड्डा असतो, त्यावर झाकण असतं आणि आत एक पंप बसवलेला असतो. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर किंवा जूनमध्ये दोन दिवस सलग पाऊस पडल्यावर हा पंप अचानक गुरगुरायला लागतो, पाणी बाहेर फेकतो आणि पुन्हा गप्प बसतो. त्याचं नाव संप पंप. मराठीत 'संप' म्हणजे काम बंद ठेवणं, हे तुम्हाला माहीत असेल. हा पंप संपावर गेलेला मात्र कोणालाच परवडत नाही!

पण हे पाणी येतं कुठून? नळ फुटलेला नसतो, छत गळत नसतं. पाणी घराभोवतीच्या मातीतच असतं. पाऊस पडला, माती भरली आणि पाण्याला पुढे जायला वाट मिळाली नाही, की ते घराच्या पायाशी येऊन थांबतं. आयोवा राज्याची राजधानी डी मॉइन आणि तिच्या उत्तरेला मिनेसोटापर्यंत पसरलेला सपाट प्रदेश, इथे तर हे नेहमीचंच आहे. या प्रदेशात सखल भागात जी माती सापडते, तिचं नाव वेबस्टर. आजचा पाठ तिच्याबद्दल आहे.

आधी तीन मराठी शब्द बघू, कारण पुढे ते सारखे लागतील. पहिला शब्द 'निचरा'. भात शिजल्यावर आपण पाणी निथळू देतो, तसं जमिनीतलं जास्तीचं पाणी निघून जाणं म्हणजे निचरा. दुसरा शब्द 'चिबड'. जिचा निचरा नीट होत नाही, जी पाय ठेवला की चपचप करते, ती चिबड जमीन. तिसरा शब्द माझा आवडता आहे : 'वाफसा'. पाऊस पडून गेल्यावर माती फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही, आत पाणी आहे आणि हवाही आहे, अशी जी नांगरायला आणि पेरायला योग्य स्थिती येते, तिला शेतकरी 'वाफसा आला' असं म्हणतात. इंग्रजीत यासाठी इतका नेमका एक शब्द मला तरी सापडलेला नाही. वेबस्टर मातीची सगळी अडचण एका वाक्यात सांगायची तर : तिला वाफसा लवकर येत नाही.

आता मागे जाऊ. थोडंथोडकं नाही, ढोबळमानाने 15 हजार वर्षं मागे. तेव्हा कॅनडावर बर्फाचा प्रचंड थर होता. त्या थराची एक लांब जीभ मिनेसोटातून खाली सरकत आजच्या डी मॉइन शहरापर्यंत आली आणि तिथे थांबली. नकाशावर या भागाचा आकार खरोखरच जिभेसारखा दिसतो. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला डी मॉइन लोब म्हणतात. हिमनदी पाण्यासारखी वाहत नाही, पण सरकते. सरकताना खालचा खडक खरवडते, फोडते, दळते आणि तो सगळा माल स्वतःबरोबर ओढत नेते. हवामान उबदार झालं, बर्फ वितळला आणि हा माल जागच्या जागी पडून राहिला. अशा मालाला टिल म्हणतात. मराठी भूगोलाच्या पुस्तकात तुम्हाला 'हिमोढ' हा शब्द मिळेल. हिमनदीने आणून टाकलेल्या मालाचे ढीग आणि टेकाडं म्हणजे हिमोढ.

टिलचं वैशिष्ट्य काय? आपल्या आजीचं काम आठवा. ती धान्य चाळते, पाखडते, निवडते. चाळणीतून बारीक खाली पडतं, सुपातून कोंडा उडतो, खडे वेगळे काढले जातात. निसर्गातही अशी कामं करणारे आहेत. नदी माल चाळते : मोठे गोटे डोंगराजवळ टाकते, वाळू थोडी पुढे नेते आणि बारीक गाळ सगळ्यात शेवटी सोडते. वारा पाखडतो : जड कण मागे राहतात, हलके कण दूर जाऊन पडतात. हिमनदी मात्र काहीच निवडत नाही. तिच्या मालात पिठासारखी बारीक भुकटी, वाळू, खडी आणि कधी कधी मोटारीएवढा दगड, सगळं एकत्र असतं. आयोवाच्या शेतात मध्येच गुलाबी ग्रॅनाइटचा मोठा दगड दिसला, तर तो तिथला नाही असं समजा. तो उत्तरेकडून बर्फावर बसून आलेला पाहुणा आहे.

या मिसळीतूनच जी माती तयार झाली, ती पोयट्याची. पोयटा म्हणजे ज्या मातीत वाळू, गाळ आणि चिकणमाती या तिघांचाही हिस्सा आहे, कोणा एकाचं राज्य नाही, अशी माती. हे तिघं फक्त आकाराने वेगळे आहेत. वाळूचा कण 2 मिलिमीटर ते 0.05 मिलिमीटर, गाळाचा त्याहून लहान, आणि चिकणमातीचा 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान. वेबस्टर मातीत चिकणमातीचं प्रमाण जरा जास्त असतं, म्हणून तिला चिकण पोयटा म्हणता येईल.

हे हातानेही ओळखता येतं, आणि मृदा सर्वेक्षण करणारे लोक आजही शेतात हीच पद्धत वापरतात. मूठभर माती घ्या, त्यातले खडे आणि मुळं काढा, थोडं थोडं पाणी घालून पोळीच्या कणकेइतकी मऊ मळा. आता अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत दाबत तिची पट्टी पुढे सरकवा. गोळाच होत नसेल तर ती वाळू. पट्टी 1 इंच व्हायच्या आत तुटली तर साधा पोयटा. 1 ते 2 इंच टिकली तर चिकण पोयटा. 2 इंचांहून लांब पट्टी लोंबत राहिली तर ती चिकणमाती. हात धुवायला सिंककडे जाऊ नका, बाहेरच्या नळावर जा. सिंकच्या पाइपमधल्या निचऱ्याचा पाठ आपल्याला आज शिकायचा नाहीये.

आता एक प्रश्न. पोयटा तर शेतीसाठी सगळ्यात उत्तम माती समजली जाते. मग ती चिबड का?

कारण निचरा फक्त मातीच्या कणांवर ठरत नाही, जागेवरही ठरतो. डी मॉइन लोबचा प्रदेश भूगर्भाच्या हिशेबाने अगदी तरुण आहे. 15 हजार वर्षं आपल्याला खूप वाटतात, पण नद्यांना दऱ्या कोरायला, ओढ्यांना वाटा काढायला तेवढी पुरत नाहीत. दक्षिण आयोवात जा. तिथेही टिलच आहे, पण ती 5 लाख वर्षांपेक्षा जुन्या हिमनद्यांची. तिथे जमीन चढउतारांची आहे, ओढ्यांचं जाळं आहे, पाणी वाहून जातं. उत्तरेला मात्र हलकेसे उंचवटे आणि त्यांच्यामध्ये बशीसारखे खोलगट भाग. अनेक बशांना बाहेर जायला वाटच नाही. पडलेला पाऊस तिथेच बसतो.

म्हणून एकाच शेतात, एकाच टिलपासून, शेजारी शेजारी वेगवेगळ्या माती तयार झाल्या. उंचवट्यावर क्लॅरियन : निचरा चांगला. उतारावरून खाली येताना निकोलेट : निचरा मध्यम, थोडा कमीच. सपाट सखल भागात वेबस्टर : निचरा वाईट. आणि बशीच्या अगदी तळाशी ओकोबोजी : तिथे वसंत ऋतूत तळंच साचतं. उंचीचा फरक किती? कधी कधी एका माणसाच्या उंचीएवढाच. मूळ माल एक, हवामान एक, गवत साधारण एकाच प्रकारचं, फक्त पाणी किती वेळ थांबतं एवढाच फरक, आणि तरी माती चार. अशा मालिकेला शास्त्रज्ञ कॅटेना म्हणतात. हा लॅटिन शब्द आहे, अर्थ साखळी. जेफ्री मिल्न या मृदाशास्त्रज्ञाने तो 1930 च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या टेकड्या पाहताना मातीसाठी वापरला. ही नावं कुठून येतात? मातीला सहसा जवळच्या ठिकाणाचं नाव देतात. आयोवात वेबस्टर नावाची काउंटी आहे, क्लॅरियन नावाचं गाव आहे आणि निकोलेट काउंटी मिनेसोटात आहे. अमेरिकेत अशा नावाच्या 20 हजारांहून जास्त माती नोंदवलेल्या आहेत.

चला, आता वेबस्टर मातीत एक खड्डा खणू. खरा नाही, कल्पनेतला.

वरचा सुमारे दीड फूट काळाकुट्ट. ओला असेल तर जवळजवळ कोळशासारखा. हा काळेपणा गवताचा आहे. हजारो वर्षं इथे माणसापेक्षा उंच वाढणारं प्रेअरी गवत होतं. जमिनीच्या वर जेवढं गवत दिसायचं, त्याहून जास्त पसारा खाली मुळांचा होता. दर वर्षी काही मुळं मरायची, कुजायची. जमीन ओली, थंडी लांब, त्यामुळे कुजणं सावकाश. म्हणून त्याचा ह्यूमस साठत गेला. वेबस्टरच्या वरच्या थरात साधारण 6 टक्क्यांच्या आसपास सेंद्रिय पदार्थ असतो. शेतातल्या मातीसाठी हा आकडा श्रीमंतीचा आहे.

त्याच्या खाली रंग बदलतो. काळा संपतो आणि राखाडी सुरू होतो, थोडा हिरवट झाक असलेला. त्या राखाडीत मध्ये मध्ये तांबूस, गंजासारखे ठिपके. आणखी खाली, साधारण तीन फुटांच्या पुढे, फिकट राखाडी टिल लागते. तिच्यावर पातळ आम्लाचे दोन थेंब टाकले तर ती फसफसते, कारण हिमनदीने दळलेल्या चुनखडीचा अंश तिच्यात अजून आहे.

मला विचाराल तर सगळ्यात वाचण्यासारखं पान हा मधला राखाडी थर आहे.

मातीला तांबडा, पिवळा किंवा तपकिरी रंग बहुधा लोखंडामुळे येतो. प्रत्येक कणावर लोखंडाच्या गंजाचा पातळ लेप असतो. कोकणातली जांभी माती लाल का, तर याच कारणाने. आता असं समजा, की मातीतली सगळी छिद्रं पाण्याने भरली. मातीत राहणाऱ्या कोट्यवधी जिवाणूंना श्वास घ्यायला ऑक्सिजन हवा असतो. पण पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे 10 हजार पट सावकाश पसरतो. आहे तो ऑक्सिजन लवकरच संपतो. मग जिवाणू काय करतात? काही मरतात, काही झोपतात आणि काही दुसरी सोय बघतात. ऑक्सिजनच्या जागी ते आधी नायट्रेट वापरतात. ते संपलं की मँगनीज. तेही संपलं की लोखंडाचा गंज. नायट्रेटचं हे काम लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

जिवाणूंनी गंज वापरला की लोखंडाचं रूप बदलतं आणि ते पाण्यात विरघळतं. विरघळलेलं लोखंड पाण्याबरोबर सरकतं. कणांवरचा रंगीत लेप निघून गेला की उरतो कणांचा मूळ रंग : राखाडी. भिंतीचा रंग खरवडल्यावर आतलं सिमेंट दिसतं, तसं. मग तांबूस ठिपके कसले? उन्हाळ्यात पाणी खाली उतरतं, गवताच्या मुळाशेजारून किंवा गांडुळाच्या बिळातून थोडी हवा आत शिरते. तिथे विरघळलेलं लोखंड पुन्हा गंजतं आणि ठिपका उमटतो. म्हणजे राखाडी भाग सांगतो, 'इथे पाणी खूप दिवस होतं', आणि तांबूस ठिपका सांगतो, 'इथे मधूनमधून हवा आली होती'.

सर्वेक्षण करणाऱ्याला वर्षभर शेतात उभं राहून पाणी मोजायची गरज नाही. कोरड्या ऑगस्टमध्ये खड्डा खणला तरी रंगावरून त्याला एप्रिलमधली पातळी कळते. रंग अंदाजाने ठरवायचा नाही म्हणून मन्सेल नावाचं रंगांचं पुस्तक वापरतात, रंगाच्या दुकानातल्या शेड कार्डसारखं. त्याच्या आधारे अमेरिकेत निचऱ्याच्या सात पायऱ्या ठरवल्या आहेत. सगळ्यात वरच्या पायरीवर पाणी थांबतच नाही, सगळ्यात खालच्या पायरीवर ते जमिनीवरच दिसतं. वेबस्टर खालून दुसऱ्या पायरीवर आहे. तिच्यात ओल्या महिन्यांत भूजल जमिनीपासून 1 फुटाच्या आत येतं.

आता या मातीचं पूर्ण शास्त्रीय नाव वाचू. घाबरू नका. फाइन-लोमी, मिक्स्ड, सुपरॲक्टिव्ह, मेसिक टिपिक एंडोॲक्वॉल.

हे नाव डावीकडून वाचलं तर डोकं फिरतं. उजवीकडून वाचा. मी दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस आहे, त्यामुळे मला हे वेबसाइटच्या पत्त्यासारखं वाटतं. त्यातही सगळ्यात मोठा गट, म्हणजे डॉट कॉम किंवा डॉट ओआरजी, अगदी उजवीकडे असतो आणि डावीकडे जावं तसा पत्ता नेमका होत जातो. आणि 'एंडोॲक्वॉल' हा तर आपल्या सामासिक शब्दासारखा आहे. मराठीत सामासिक शब्दाचा विग्रह करतात, म्हणजे त्याचे तुकडे सोडवून अर्थ सांगतात. 'महादेव' म्हणजे महान असा देव, तसं.

शेवटचा तुकडा 'ऑल'. तो मॉलिसॉल या गणातून आला आहे. जगातल्या सगळ्या मातींचे अमेरिकन पद्धतीत 12 गण केले आहेत. मॉलिसॉल म्हणजे वरचा थर जाड, काळा, मऊ आणि सुपीक असलेली माती. लॅटिनमध्ये 'मॉलिस' म्हणजे मऊ. त्याच्या आधी 'ॲक्व', म्हणजे पाणी. ॲक्वेरियममधला तोच. म्हणजे पाण्याने भरणारी काळी मऊ माती. त्याच्या आधी 'एंडो', म्हणजे आतून. पाणी वरच्या एखाद्या थरावर अडकून बसलेलं नाही, तर खालपासून वरपर्यंत सगळी माती भरलेली आहे. 'टिपिक' म्हणजे या गटाचा सर्वसाधारण नमुना, काही वेगळं खटलं नाही. झाला विग्रह : 'खालून पाण्याने भरणाऱ्या काळ्या मऊ मातीचा सर्वसाधारण नमुना'.

उरलेले शब्द मातीचा स्वभाव सांगतात. 'मेसिक' हे तापमान आहे : 50 सेंटिमीटर खोलीवर मातीचं वर्षाचं सरासरी तापमान 8 ते 15 अंश सेल्सिअसच्या दरम्यान. 'सुपरॲक्टिव्ह' म्हणजे तिच्यातले चिकणमातीचे कण पोटॅशियम, कॅल्शियम अशी पोषक द्रव्यं धरून ठेवण्यात फार तरबेज. 'मिक्स्ड' म्हणजे खनिजांची मिसळ, कोणाही एकाचं बहुमत नाही. हिमनदीने काहीच निवडलं नव्हतं ना, मग दुसरं काय असणार? आणि 'फाइन-लोमी' म्हणजे बारीक पोयटा, चिकणमाती 18 ते 35 टक्के. बघा, पाणी, गवत, थंडी, हिमनदी, सगळी गोष्ट एका नावात बसवली आहे. ही पद्धत 1975 मध्ये पुस्तकरूपात आली. पाठ करायला कंटाळवाणी आहे, पण सोडवायला मजा येते.

भारतातले मृदाशास्त्रज्ञही ही पद्धत वापरतात. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय तर नागपूरला आहे. आम्ही मराठी शाळेत भूगोलात शिकलो ती 'रेगूर', म्हणजे कापसाची काळी माती, हिच्या अनेक प्रकारांचं या पद्धतीतलं नाव 'टिपिक हॅप्लुस्टर्ट'. शेवटचा तुकडा बघा : 'ऑल' नाही, 'अर्ट' आहे. म्हणजे गणच वेगळा, व्हर्टिसॉल. तुमचे आजी-आजोबा आयोवात आले आणि शेत पाहून म्हणाले, 'अरे, ही तर आपल्या विदर्भासारखी काळी माती!', तर रंगापुरतं ते बरोबर आहे. पण रेगूर बेसॉल्ट खडकापासून झाली. तिच्यात चिकणमाती खूप, बऱ्याचदा निम्म्याहून जास्त, आणि ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सेंद्रिय कर्ब मात्र तिच्यात बहुतेक ठिकाणी 1 टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. वेबस्टर काळी आहे ती गवताच्या मुळांमुळे, आणि तिला तशा मोठ्या भेगा पडत नाहीत.

परत आयोवात येऊ. युरोपातून आलेले शेतकरी एकोणिसाव्या शतकात इथे पोचले, तेव्हा त्यांनी उंचवट्यावरची जमीन आधी घेतली. सखल भागातला काळा चिखल सगळ्यांत सुपीक, पण वसंतात तिथे बैलाचे आणि घोड्याचे पाय रुतायचे. उपाय न्यूयॉर्क राज्यात सापडला होता. जॉन जॉन्स्टन या स्कॉटलंडहून आलेल्या शेतकऱ्याने 1838 मध्ये आपल्या चिबड शेतात भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या. कौलं भाजतात तशाच भाजलेल्या नळ्या, एकापुढे एक ठेवलेल्या. दोन नळ्यांच्या फटीतून पाणी आत यायचं आणि उताराने बाहेर जायचं. शेजाऱ्यांनी त्याला हसून घेतलं, मग त्याचं गव्हाचं पीक बघून गप्प बसले. पुढे या नळ्या आयोवात आल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांनी एकत्र येऊन निचरा मंडळं काढली, मोठे चर खणले. आज भोकं पाडलेले प्लास्टिकचे पाइप साधारण 3 ते 4 फूट खोल टाकतात, पण नाव अजून 'टाइल'च आहे.

अशाच पाइपची एक सोय महाराष्ट्रातही आहे. सांगली आणि कोल्हापूर भागात उसाला वर्षानुवर्षं जास्त पाणी दिल्याने जमिनी चिबड आणि क्षारपड झाल्या, म्हणजे वर मिठासारखा पांढरा थर आला. तिथे शेतकरी भोकं असलेले पाइप पुरून खारं पाणी बाहेर काढतात. कारण वेगळं, इथे हिमनदी आणि तिथे पाट, पण उपाय एकच.

टाइल टाकल्यावर वेबस्टरला वाफसा वेळेवर यायला लागला. मका आणि सोयाबीन असं पीक येऊ लागलं, की हा जगातल्या सगळ्यात पिकाऊ प्रदेशांपैकी एक झाला. किंमतही मोजावी लागली. आयोवातलं उंच गवताचं मूळ प्रेअरी आज हजारातला एक भागही उरलेलं नाही. बदकं उतरायची ती तळी जवळजवळ सगळी गेली. आणि तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही : पाणी.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं नायट्रेट आठवा. चिबड मातीत ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेट वापरतात आणि त्याचा साधा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. म्हणजे चिबड जमीन हे नायट्रेटचं फुकटचं गाळणीघर होतं. टाइल टाकली की दोन गोष्टी होतात. मातीत हवा शिरते, साठलेला सेंद्रिय पदार्थ भराभर कुजतो आणि त्यातून जास्त नायट्रेट तयार होतं. त्यात खताची भर. आणि हे नायट्रेट घेऊन पाणी जिवाणूंजवळ न थांबता थेट पाइपमधून ओढ्यात आणि तिथून नदीत जातं.

डी मॉइन शहर पिण्याचं पाणी रकून आणि डी मॉइन या दोन नद्यांतून घेतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट-नायट्रोजन चालत नाही. त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्तातला ऑक्सिजन कमी करू शकतं. त्यासाठी शहराला 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रेट काढणारं खास यंत्रघर बांधावं लागलं. 2015 मध्ये डी मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या बाजूच्या सॅक, कॅल्हून आणि बोएना व्हिस्टा या तीन काउंट्यांमधल्या निचरा मंडळांवर खटला भरला. 2017 मध्ये तो कोर्टाने रद्द केला. शहरातले लोक म्हणतात, 'पाणी साफ करायचा खर्च आम्हीच का भरायचा?' शेतकरी म्हणतात, 'टाइल काढली तर आमचं शेत पुन्हा तळं होईल.' दोघांचंही म्हणणं मला समजतं. पण बिल मात्र आज नळाचं पाणी पिणारा भरतो, एवढं नक्की.

मधला मार्ग शोधायचे प्रयत्न चालू आहेत आणि गंमत म्हणजे ते सगळे त्या जुन्या जिवाणूंकडेच परत जातात. टाइलच्या तोंडाशी चर खणून त्यात लाकडाचे तुकडे भरतात. लाकूड हे जिवाणूंचं अन्न, पाण्याने भरलेल्या चरात ऑक्सिजन कमी, मग ते नायट्रेट वापरतात. कुठे टाइलचं पाणी नदीकाठच्या गवताच्या पट्ट्यात जमिनीखाली मुद्दाम पसरवतात. कुठे एखादं छोटं तळं पुन्हा जिवंत करतात. काही शेतकरी मका काढल्यावर राय पेरतात, म्हणजे हिवाळ्यात आणि वसंतात उघड्या जमिनीतलं नायट्रेट त्याची मुळं उचलतात. आणखी एक गोष्ट. शंभर वर्षांपूर्वी टाइल टाकलेल्या शेतात आज खणलं, तरी तो राखाडी थर तसाच दिसतो. पाणी गेलं, रंग राहिला. म्हणूनच निचरा करून पीक घेतलेल्या वेबस्टरचाही वर्ग कागदावर अजून 'निचरा वाईट' असाच आहे.

तुमच्या घराखालची माती कोणती, हे शोधायला अमेरिकेच्या कृषी खात्याचा वेब सॉइल सर्व्हे हा नकाशा सगळ्यांसाठी खुला आहे. पत्ता टाका, घराभोवती चौकोन काढा. आयोवात असाल तर नकाशावर आकडे दिसतील. 107 म्हणजे वेबस्टर, 55 म्हणजे निकोलेट, 138 म्हणजे क्लॅरियन. आकड्यापुढे 'बी' असेल तर जमिनीला हलका उतार आहे, आणि आधी 'एल' असेल तर गोंधळू नका, माती तीच. ब्रिटनमधल्या मुलांनी क्रॅनफील्ड विद्यापीठाचा सॉइलस्केप्स नकाशा बघावा. एसेक्स आणि सफोकमध्येही हिमनदीने टाकलेली माती खूप आहे. आखातातल्या मुलांना हिमनदी सापडणार नाही, पण पट्टीचा प्रयोग वाळूवरही करता येतो. मातीचं पूर्ण नाव मिळालं, की ते वहीत लिहा, उजवीकडून सुरुवात करा आणि त्याचा विग्रह मराठीत करून पुढच्या तासाला घेऊन या.